तीन पदरी अस्तर

"अस्तर काळं लावा, आणि तीन पदरी," शैलाताई म्हणाल्या.

"अहो, ऐन वैशाखात? उकडून जीव जाईल तुमचा," सुमित्रा टेप उलगडत म्हणाली. गावात ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"उकडू दे. रविवारी आमच्या ऋताला बघायला येताहेत. चहा-पोहे झाले की दिवे घालवायला सांगतात ना हल्ली. आधी मुलीला बघतात, मग तिच्या आईला."

सुमित्रानं ट्रायल रूमचा दिवा बंद केला. सरकारची सक्तीची लस आल्यापासून कुणाच्या अंगातलं काही लपत नसे. कॅन्सरची गाठ वाढू लागली की तिला रक्त पुरवायला नव्या, कोवळ्या वाहिन्या फुटत; लशीतलं द्रव्य नेमकं त्यांनाच चिकटे आणि अंधारात चमके. शैलाताईंच्या पातळ ब्लाउजमधून निळसर उजेड काखेपर्यंत पसरलेला दिसत होता.

"कधीपासून आहे हे?"

"संक्रांतीपासून."

"आणि डॉक्टर?"

"उपचार सुरू झाले की केस जातात. मग कुणाला दिवे घालवायचीही गरज नाही. लग्न उरकलं की जाईन."

सुमित्राचीही मुलगी लग्नाची होती. तिनं दिवा लावला आणि माप घेतलं.

शनिवारी शैलाताई तो ब्लाउज घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. सुमित्रानं दिवा बंद केला. आरशात नुसता काळोख होता.

"गेलं बघा," शैलाताई हरखून म्हणाल्या. "सगळं गेलं."