दबका आवाज

आईच्या माघारी ताईनेच धाकट्या भावाला सूर लावायला शिकवलं. पुढे दोघं घराच्या मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करू लागली. गायची दोघं, दोघांचे आवाज जुळवायचं मिक्सिंग मात्र तो करायचा. तयार गाण्यात ताईचा आवाज नेहमी बंद दाराआडून आल्यासारखा यायचा.

"तुझा आवाज मुळातच दबका आहे ताई, त्याला मी तरी काय करू?" तो म्हणायचा.

तिने ते खरं मानलं. मुख्य गाणी आपणहून त्याच्या पदरात टाकली आणि स्वतः कोरस धरला.

तरी तिला राहवेना. आवाजाची धार कमी-जास्त करून तो खुलवणारा एखादा नवा इक्वलायझर मिळतोय का बघावं, म्हणून तो बाहेर गेल्यावर तिने दोन-तीन फुकट ट्रायलवर कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. नवा लावायचा तर जुना काढायला हवा. तिने आपल्या आवाजावरचा जुना इक्वलायझर काढला, आणि हेडफोनमध्ये तिचाच आवाज खणखणीत वाजला. तिने दुसरं गाणं उघडलं, मग तिसरं. सगळीकडे तेच. तिच्या आवाजाची धार हाताने खाली ओढलेली, त्याच्या आवाजाची वर चढवलेली.

तेवढ्यात तो परत आला. स्क्रीनवरचे नवे इक्वलायझर पाहून हसत म्हणाला, "मग, कुठला घ्यायचा ठरला?"

 

"नवा नको रे," हेडफोन काढून ठेवत ती म्हणाली, "जुना कधीच तुझ्या शब्दाबाहेर गेला नाही."