आडवा सात

“दादा फोन का उचलत नाही गं?” पेपरातलं शब्दकोडं पुढ्यात घेऊन श्रीरंगने विचारलं.

त्याचे थोरले भाऊ दादा बारा तारखेला दुपारी वारले, हे मृणालिनी त्याला आज नवव्यांदा सांगणार होती. त्याच्या आठवणी झोपेत घरच्या ड्राइव्हवर जायच्या आणि सकाळी तिथूनच डोक्यात परत यायच्या. बारा तारखेपासून बॅकअपच होत नव्हता, त्यामुळे रोज सकाळी त्याला अकरा तारखेपर्यंतचंच आठवायचं. तिने राउटर बदलला, केबल बदलली, पासवर्ड पुन्हा टाकला. काही कळेना.

शेवटी तिने ड्राइव्हवरच्या नोंदी उघडल्या. ‘बारा तारीख, संध्याकाळी सात. बॅकअप बंद केला. बंद करणारा: श्रीरंग.’

“सापडला का बिघाड?” त्याने विचारलं.

“नाही रे,” ती म्हणाली. “कुठे अडलंय? आडवा सात? मला विचार.”