काउंटरवरची शितं

"भाताला आंबट काय लावलंस?" अण्णांनी विचारलं.

"कोकमाचं आगळ," वल्लभ म्हणाला आणि त्यानं बांगड्याची सुशी त्यांच्या बशीत ठेवली.

चांगली नोकरी सोडून माझ्या या भावानं पणजीत आठ खुर्च्यांचं सुशीचं दुकान थाटलं, तेव्हापासून आमचे वडील, अण्णा, त्याच्याशी जेमतेम बोलत. आज आले तेही मी ओढून आणलं म्हणून.

अण्णा बशीकडे नुसते बघत बसले. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली, "काका, अख्खी एका घासात खायची असते."

घरी अण्णा चित्राहुती घातल्याशिवाय जेवत नाहीत. हॉटेलात मात्र कधीच घालत नाहीत. लहानपणी मी कारण विचारलं होतं. म्हणाले, "हॉटेलात खातात गं. जेवतात ते घरी."

अण्णांनी तळहातावर पाणी घेतलं, बशीभोवती फिरवलं. सुशीची चार शितं काढून काउंटरवर मांडली, हात जोडले आणि मग सुशी तोंडात घातली.

काउंटरवर थेंब सांडला तरी लगेच फडकं मारणाऱ्या वल्लभनं ते पाणी आणि ती शितं तशीच राहू दिली. अण्णा उठल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला त्यानं दुसऱ्या खुर्चीवर बसवलं.