औषध गेलं कुठं

“गोळी दिली का, एवढंच विचारतेय,” मिलेवा म्हणाली.

“गोळ्या बंद केल्यात, ताई,” स्लाविका सिस्टर म्हणाली. “पण औषध चालू आहे.”

आता या बोलण्याचा अर्थ काय लावायचा? मिलेवा पुढं विचारणार, तोवर पलीकडच्या खोलीत घंटा वाजली आणि सिस्टर पळाली. सर्बियातल्या वाल्येवो गावच्या त्या वृद्धाश्रमात सगळ्यांची कायम धांदल. धड वाक्य पुरं करायला कुणाला सवड म्हणून नाही.

मिलेवाची आई स्टामेना पलंगावर पडून होती. कॅन्सर मणक्यात उतरला होता.

“आई, दुखण्यावर काही देतात का गं तुला?”

“कोण देतंय? मधे चार दिवस बरं असतं. पण रविवारी तू येऊन गेलीस ना, की रात्रभर जीव जातो बघ.”

मिलेवाला वाटलं, लेकीच्या पाठोपाठ आईचा जीव असा ओढतो, आणि इथं साधी गोळी मिळत नाही. तिनं पिशवीतून राकियाची बाटली काढली. घरच्या आलुबुखारांची, चांगली कडक दारू. त्यांच्याकडं सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत हाच इलाज. आईला कुशीवर वळवून तिनं नेहमीसारखी पाठ खसखसून चोळली, आणि तडक संचालिकाबाईंकडं गेली.

“तुमच्याकडं कुंपणच शेत खातंय,” तिनं सुनावलं. “आईचं औषध चोरीला जातंय. त्या सिस्टरला आजच्या आज काढा, नाहीतर मी पोलिसांत जाते.”

संचालिकाबाई गोंधळल्या. स्लाविकाला बोलावलं, ती त्यांच्याहून गोंधळलेली. “परवाच मी माझ्या हातानं...” ती सांगू लागली. तिघी खोलीत आल्या.

स्लाविकानं म्हातारीचा सदरा वर केला. पाठ लालबुंद, कोरी.

“बघा, आजही नाही,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “परवा इथं औषधाची पट्टी चिकटवली होती. तिच्यातलं औषध कातडीतून अंगात झिरपतं. सोमवारी बदलायला येते तेव्हा जुनी कधीच नसते. मला वाटायचं, आधीच्या पाळीच्या सिस्टरनं काढली असेल.”

स्टामेनाला यातलं काय कळलं कोण जाणे. ती उशीतून कौतुकानं म्हणाली, “माझ्या पोरीला मात्र काही म्हणायचं नाही हं. फार नेटकी आहे. पाठीला काही चिकटलेलं दिसलं, की आधी ते सोलून फेकते आणि मगच चोळायला घेते.”