छातीतली डबी

दौलतरावांना अंगणात आणून ठेवलं, तेव्हा जमलेल्या बायकांनी हंबरडा फोडला. शेवंताबाईंच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. डॉक्टरांनी त्यांच्या छातीत बसवलेली यंत्राची डबी ठोका चढू देत नव्हती, रक्तदाब हलू देत नव्हती, आणि काळीज हललं नाही की रडूही फुटत नव्हतं.

"दगड आहे बाई," मागून कुणीतरी कुजबुजलं.

शेवंताबाईंनी धाकट्या जावेला जवळ बोलावलं. "हौसा, डॉक्टरांना फोन लाव. आजच्यापुरती डबी बंद करा म्हणावं. माझा नवरा गेलाय गं."

हौसानं फोन लावला, ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. "आक्का, ते नाही म्हणतात. डबीशिवाय एवढं दुःख तुमच्या काळजाला झेपायचं नाही."

"मग डबी असताना ते झेपलंय असं कुणी सांगितलं त्यांना?"

बांगड्या फोडायला म्हाताऱ्या नणंदेनं त्यांचा हात धरला. एक काच मनगटात रुतली. रक्त आलं, तेसुद्धा संथ, बेताबेतानं. हौसा पदर फाडून बांधायला धावली, पण शेवंताबाईंनी हात मागे घेतला.

"वाहू दे," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी बाहेर येतंय."