सही होईपर्यंत

पहाटे मोजे चढवताना आजींचे पाय गार लागले. प्रमिलाने नाकापुढे बोट धरलं, मग पांघरूण हळूच हनुवटीपर्यंत ओढलं.

आज आजींच्या मुलाबरोबर, एन्झोबरोबर, कचेरीत करारावर सह्या व्हायच्या होत्या. त्या झाल्या की प्रमिलाला इटलीत राहून काम करायचा परवाना मिळणार होता. पुढे हे घर सुटलं, तरी दुसरीकडे काम शोधता आलं असतं. पण ज्यांना सांभाळायचा करार, त्याच नाहीत म्हटल्यावर एन्झो सही कशाला करेल?

"आई उठली?" त्याने आल्याआल्या विचारलं.

"रात्रभर खोकत होत्या. आत्ता कुठे डोळा लागलाय."

आईच्या कपाळावर ओठ टेकवून निघायची त्याची सवय ती विसरली होती. तो वाकला आणि तसाच थांबला.

"झोपू द्या तिला," तो सरळ होत म्हणाला. "चला, उशीर होतोय."

सह्या झाल्या. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. कचेरीतलं पेन त्याच्या हातातच राहिलं होतं.

"आता सांगा," तो म्हणाला. "आई कधी गेली?"