वॉर्डातली शिकवणी

वडिलांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून धरली होती. लेक पाण्याचं भांडं आणि टॉवेल घेऊन खाटेशी उभी होती. मोठ्या सिस्टर दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

"वॉर्डातले मामा आले की त्यांच्याकडून पुसून घेईन," वडील म्हणाले.

"मामा आता दोन मजल्यांना मिळून एकच आहे. तो तुमच्यापर्यंत येईस्तोवर संध्याकाळ होते. पाठ लाल झालीय, आजोबा. उद्या जखम झाली तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

खरंच होतं ते. त्या वर्षी निम्म्या सिस्टर नोकरी सोडून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. दोन वॉर्डांचा एक वॉर्ड झाला होता. भेटीची वेळ संपली की नातेवाइकांना बाहेर घालवणाऱ्या याच मोठ्या सिस्टरनी आता उलटा नियम केला होता. प्रत्येक खाटेपाशी घरचं एक माणूस आत राहायचं आणि भरवणं, कूस बदलणं, अंग पुसणं शिकून घ्यायचं. रोज सकाळी एका रिकाम्या खाटेभोवती शिकवणी भरे. पेशंट व्हायला एक निवृत्त बसकंडक्टर हौसेने पुढे येत. त्यांची बायको पलीकडच्या खाटेवर होती. त्यांना कुशीवर वळवलं की ते डोळे मिटूनच म्हणत, "पुढे सरका, पुढे भरपूर जागा आहे." सगळा वॉर्ड हसे.

पहिल्या दिवशी लेक हसली नव्हती. "सगळं आम्हीच करायचं, तर तुम्ही काय करणार?" तिने विचारलं होतं.

"तुम्ही चुकलात की ओरडणार," सिस्टर म्हणाल्या होत्या.

ती शिकली. भरवायला शिकली, वळवायला शिकली. पण अंग पुसायची वेळ आली की वडील चादर सोडत नसत. जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस. कोणाकडे पाण्याचा पेला मागितला तरी त्यांना संकोच वाटे.

"ते कंडक्टर बघा, कसे मुकाट निजतात," सिस्टर म्हणाल्या.

"त्यांना सवय आहे. उभा जन्म लोक त्यांच्या अंगावर पडत आले." मग आवाज खाली आणून वडील म्हणाले, "पण मुलीच्या हातून कसं करून घ्यायचं, सिस्टर?"

"ही लहान होती तेव्हा हिला आंघोळ कोण घालायचं?"

"मीच. हिची आई गेल्यावर घरात दुसरं होतंच कोण?"

"मग तेव्हा ही नको म्हणायची नाही?"

"म्हणायची की. घर डोक्यावर घ्यायची."

"आणि तुम्ही ऐकायचात?"

वडील हसले. धाप लागेपर्यंत हसले. मग चादरीवरची बोटं सुटली.

लेकीने आधी त्यांचा गुडघा वाकवला, खांद्यामागे हात घातला आणि त्यांना आपल्याकडे वळवून घेतलं. पाठीवरून ओला टॉवेल फिरवला. ती पाठ इतक्या जवळून तिने कधी पाहिलीच नव्हती. काही बोलावंसं वाटलं. शब्द ओठांपर्यंत आलेही. ती म्हणाली, "पाणी गार नाही ना?"

"बरं आहे," वडील म्हणाले आणि त्यांना झोप लागली. संध्याकाळी त्यांनी अर्धी वाटी सूप घेतलं आणि ते अळणी आहे म्हणून कुरकुरही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कूस बदलत असतानाच त्यांचा श्वास थांबला. तिचा हात अजून त्यांच्या खांद्यामागेच होता.

डॉक्टर येऊन गेले. सिस्टरनी खाटेभोवतीचा पडदा ओढला. "तुम्ही आता बाहेर बसा. पुढचं आम्ही करतो. हे आम्ही घरच्यांना शिकवत नाही."

पडद्याच्या फटीतून लेकीला व्हरांड्यातला बाक दिसत होता. वॉर्डात पुरेशी माणसं असती, तर इतके दिवस ती त्या बाकावर बसून राहिली असती. आजची बातमीही आतून कोणीतरी येऊन तिला तिथेच सांगितली असती.

"आज शिकवा," ती म्हणाली.

 सिस्टर स्वतः जाऊन पाणी घेऊन आल्या. त्यात कोपर बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं.

दोघींनी मिळून हात पुसले, पाय पुसले, पाठ पुसली. सिस्टर आज अगदी हलक्या आवाजात सांगत होत्या. शेवटी केस राहिले. सिस्टरनी डोक्याखाली पसरट भांडं सरकवलं आणि केसांना साबण लावून दिला. लेकीने डावा तळवा वडिलांच्या कपाळावर, भुवयांच्या जरा वर, आडवा टेकवला आणि उजव्या हाताने पाणी मागे सोडलं. एक थेंबही चेहऱ्यावर आला नाही.

"हे मी नव्हतं शिकवलं," सिस्टर म्हणाल्या.

लेक कपाळावरच्या आपल्या हाताकडे बघत राहिली. मग वाकून तिने वडिलांच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांत कधीच साबण गेला नाही."